झाडं काय चालत जातात, मोजायला?

प्रश्न : आमचं गाव साताऱ्याजवळ, उरमोडीच्या काठी. नदीला लागून आमचं साडेतीन एकराचं रान आहे आणि रान नि पाणी यांच्या मधे झाडीचा पट्टा. करंज, उंबर, जांभूळ, दोन दांडगे अर्जुन आणि पार पाण्यात पाय सोडून बसलेली वाळुंजं. वडील होते तोवर काठाला कुऱ्हाड लागली नाही. आता धाकटा भाऊ म्हणतो, उसावर सावली पडते, पुराचं पाणी झाडीमुळं तुंबतं, एकदा जेसीबी आणून काठ साफ करून टाकू. नेमकं त्याच वेळी गावच्या तरुण मंडळानं ठरवलंय की नदीकाठची एक किलोमीटरची झाडी मोजायची. मला दोन्ही समजत नाही. झाडं काय रातोरात चालत जातात का, मोजायला? आणि मोजून झाल्यावर तोडायचं किती, ठेवायचं किती, हे कोण सांगणार?
(एक शेतकरी वाचक, जि. सातारा)

उत्तर : तुम्ही थट्टेनं विचारलंत, पण खरं सांगायचं तर चालत जातात. डोंगरावरचं झाड जिथं उगवलं तिथंच म्हातारं होतं. नदीकाठचं रान मात्र सरकत असतं. करंजाची शेंग पाण्यावर तरंगत जाते आणि दोन गावं ओलांडून कुठल्या तरी मळईवर रुजते. अर्जुनाच्या फळाला पाच पंख असतात, तेही पाण्याबरोबर निघतं. वाळुंजाचं बी म्हणजे म्हातारीच्या कापसासारखी लव, वारा नेईल तिकडं जाते. इकडं नदी स्वतःही गप्प बसत नाही. वळणाच्या एका अंगाला ती काठ खाते, दुसऱ्या अंगाला गाळ टाकते. खाल्लेल्या काठावरचा उंबर मुळं उघडी पडून एका पावसाळ्यात आडवा होतो, समोरच्या ताज्या गाळावर आधी लव्हाळा येतो, मग वाळुंज, आणि जमीन जरा घट्ट झाली की करंज. तुमच्या वडिलांनी लहानपणी पाहिलेली झाडी आणि आजची झाडी यांत काही खोडं तीच असतील, रान मात्र तेच नाही. ते कुठं वाढतंय आणि कुठं संपत चाललंय, हे नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी मोजणी.

पण मंडळाच्या पोरांना एक गोष्ट आधीच सांगा. काठावर किती झाडं आहेत हा आकडा फारसा उपयोगाचा नाही. वर्तमानपत्रात छापायला बरा. खरा आकडा लहान रोपांचा.

आपल्याकडची काही गावं आठवा. घरं पक्की, अंगण सारवलेलं, पारावर माणसंही दिसतात. पण सगळी साठीच्या पुढची. पोरं पुण्या-मुंबईला. त्या गावची शिरगणती करून ‘लोकसंख्या चारशे’ असं लिहिलं तर ते खोटं नाही, पण त्यात गावाचं दुखणं कुठंच दिसत नाही. नदीकाठच्या पुष्कळ झाड्या आज अशाच आहेत. मोठाली खोडं, गार सावली, खाली मात्र एक रोप नाही. शेळ्या खातात, वणवा खातो, वीटभट्टीवाला गाळाबरोबर रोपंही उचलून नेतो, आणि वर धरण झाल्यावर दरसालचा ताजा गाळ पहिल्यासारखा पसरत नाही. वाळुंजाला हे फार बाधतं. त्याच्या बियांत जीव राहतो तो थोडेच दिवस. तेवढ्यात ओला, उघडा गाळ मिळाला तर रुजतं, नाही तर संपलं. म्हणून काठावर पन्नास वाळुंजं उभी आहेत आणि गुडघाभर उंचीचं एकही नाही असं दिसलं, तर ती झाडी आजारी आहे असं समजा, मग ती कितीही हिरवीगार दिसो.

मोजायला काय लागतं? शिंप्याची फीत, तीस मीटरचा टेप, सुतळी, चुना, एक वही आणि झाडं ओळखणारं एक म्हातारं माणूस. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. मोबाइलमधली अ‍ॅपं पानाचा फोटो काढून नाव सांगतात, पण ऐन आणि अर्जुन यांत ती गडबडतात. मीही गडबडलो आहे. पहिल्यांदा मोजणीला गेलो तेव्हा ओढ्याकाठच्या झाडांची पानं बघत बघत मी अर्धा दिवस ऐनाला अर्जुन लिहीत होतो. बरोबरच्या आजोबांनी दुपारच्या भाकरीनंतर माझी वही बघितली आणि काही न बोलता माझा हात धरून खोडावर ठेवला. ऐनाची साल काळपट, उभ्या-आडव्या भेगांची, मगरीच्या पाठीसारखी. अर्जुनाची गुळगुळीत, फिकी, करडी-पांढरी, पापुद्रे सुटणारी. डोळे मिटून नुसत्या तळव्यानं सांगता येतं. त्या दिवसाची सगळी पानं मी फाडून टाकली.

एक किलोमीटरभर झाडन्‌झाड मोजायला जाऊ नका, चौथ्या दिवशी मंडळातली निम्मी पोरं येणार नाहीत. पट्टे आखा. पाण्याच्या कडेपासून शेताच्या बांधापर्यंत, नदीला आडवा, दहा मीटर रुंदीचा एक पट्टा. असा पट्टा दर शंभर मीटरला एक, म्हणजे किलोमीटरला दहा. झाडी सरासरी वीस मीटर रुंद धरली तर एक पट्टा दोनशे चौरस मीटरचा, सुमारे दोन गुंठे. दहा पट्टे मिळून वीस गुंठे, आणि एकूण झाडी दोनशे गुंठे, पाच एकर. म्हणजे दहावा हिस्सा मोजून सगळ्याचा अंदाज बांधता येतो. फक्त पहिला पट्टा कुठून धरायचा ते चिठ्ठी टाकून ठरवा. नाही तर माणूस हटकून सावलीची, बसायला बरी जागा निवडतो आणि काटेरी, घाणीची जागा टाळतो. मग मोजणी झाडीची होत नाही, आपल्या आवडीची होते.

पट्ट्यात शिरल्यावर प्रत्येक झाडाचा घेर घ्यायचा, जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे १.३७ मीटरवर. वनखात्याची रीत हीच आहे, त्यामुळे तुमचे आकडे उद्या कुणाच्याही आकड्यांशी ताडून बघता येतील. काठ उताराचा असेल तर उंची वरच्या अंगानं धरा. वाळुंज, करंज ही झाडं पुष्कळदा बुंध्यापासून तीन-चार खोडांची असतात, तर प्रत्येक खोडाचा घेर वेगळा लिहा. घेराला ३.१४ नं भागलं की जाडी मिळते. ९४ सेंटिमीटर घेर म्हणजे ३० सेंटिमीटर जाडीचं झाड. तीस सेंटिमीटरहून कमी घेराची ती पोरं समजा. त्यांच्यासाठी पट्ट्यातच दोन बाय दोन मीटरचे तीन लहान चौकोन चुन्यानं आखा, एक पाण्याजवळ, एक मधे, एक बांधालगत, आणि त्यांतलं प्रत्येक रोपटं, अगदी दोन पानांचं असलं तरी, गुडघ्यावर बसून मोजा. कंटाळवाणं काम आहे. पण वर म्हटलं तो खरा आकडा इथंच मिळतो.

पोरं पाण्याजवळ, मधे आणि बांधालगत अशी वेगळी का मोजायची, ते काठ नीट बघितला की समजेल. काठाला ओळी असतात. पहिल्या ओळीला, पात्रातल्या खडकांच्या खाचांत, शेरणी. हे झुडूप तुम्ही रोज बघत असाल आणि नाव विचारलं नसेल. पानं अरुंद, कण्हेरीसारखी, फांद्या चिवट, मुळं खडकाच्या भेगेत अशी घट्ट शिरलेली की बैलजोडी लावली तरी हलत नाही. पावसाळ्यात ती महिना महिना पाण्याखाली आडवी झोपते आणि पाणी उतरलं की उठून उभी राहते. पुरात टिकणाऱ्या लव्हाळ्याची कीर्ती तुकोबांनी घरोघरी पोचवली. शेरणीला तसा कवी भेटला नाही, म्हणून ‘काठ सफाई’त पहिली कुऱ्हाड तिच्यावर पडते. तिच्या मागं, ओल्या गाळात, वाळुंज. त्याच्या मागं, पुरात पाणी लागतं पण आठवडाभरात उतरतं अशा जागी, करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन. आणि वर बांधाच्या अंगाला निर्गुडी, बांबू, एखादं चिंचेचं किंवा आंब्याचं झाड. कुठल्या ओळीला कुणाची पोरं सापडतात त्यावरून कुठली ओळ तुटत चाललीय ते दिसतं.

झाडांखेरीज आणखी थोडं वहीत लिहा. फांद्यांत अडकलेल्या प्लास्टिकच्या चिंध्या दिसतात ना? वैताग न करता त्यांची जमिनीपासूनची उंची मोजा. गेल्या पुराची पातळी सांगणारी तेवढी फुकटची खूण दुसरी नाही. गुरांची वाट कुठून उतरते, मोटारीचे पाइप कुठं काठ फोडून वर आलेत, दरड कुठं उघडी आहे, तेही लिहा. मात्र उघडी दरड दिसली की ती दगडानं बांधून काढायची घाई नको. खंड्या आणि वेडा राघू अशाच मातीच्या कड्याला बिळं करून अंडी घालतात. बीळ दिसलं तर तसं लिहा आणि पुढं चला. खडकावर माशांच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा दिसली तर ती ऊद येऊन गेल्याची खूण. उंबर डोहावर कललेला असेल तर तिथल्या एखाद्या भोयाला विचारा, तो सांगेल की उंबरं पिकून पाण्यात पडू लागली की खाली मासे गोळा होतात. कुठल्या झाडाखाली जाळं टाकायचं हे त्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या मोजूनच ठेवलेलं असतं, फक्त वहीत लिहिलेलं नसतं.

मोजणी दोनदा करावी. एकदा नोव्हेंबरात, पावसाची रोपं उभी असताना आणि पुराच्या खुणा ताज्या असताना. दुसऱ्यांदा एप्रिल-मे महिन्यात, पाणी तळाला गेलेलं असताना. नोव्हेंबरची किती रोपं उन्हाळा काढून उरली, हे मेमध्येच दिसतं.

आता तुमचे धाकटे बंधू. त्यांना एकदम खोडून काढू नका, त्यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे.

झाडीमुळं पाणी तुंबतं हे खरं. पाण्याचा वेग काढायला अभियंते एक खरखरीतपणाचा आकडा धरतात. रॉबर्ट मॅनिंग या आयरिश अभियंत्याच्या सूत्रातला म्हणून त्याला ‘मॅनिंगचा एन’ म्हणतात. स्वच्छ, सरळ पात्राला तो साधारण ०.०३ असतो, पूरमैदानातल्या दाट झाडीला ०.१ च्या आसपास. व्हेन ते चाऊ यांच्या १९५९ च्या पाठ्यपुस्तकात तर दाट वाळुंजवर्गी झुडपांना ०.१५ दिलाय. उतार आणि खोली तीच असेल तर एन तिप्पट झाल्यावर वेग तिसऱ्या हिश्शावर येतो. वेग कमी झाला की पाणी थोडं वर चढतं. इथवर बंधू बरोबर.

पण तेच सूत्र उलट बाजूनंही वाचायला हवं. काठ साफ केला की तुमच्या मातीवरून जाणारं पाणी तिप्पट वेगानं जाणार. सावकाश जाणारं पाणी रानात गाळ सोडून जातं, पळणारं पाणी रानच घेऊन जातं. मी एका गावी हे डोळ्यांनी पाहिलंय. मोठ्या उत्साहात नदी-स्वच्छता झाली, दोन यंत्रं आठवडाभर चालली, काठ न्हाव्यानं दाढी करावी तसा तुळतुळीत झाला, उद्घाटनाचे फोटोही निघाले. दोन पावसाळ्यांत त्या तुळतुळीत काठाचा एक मोठा लचका गेला आणि त्याबरोबर एका शेतकऱ्याची मोटार, पेटी आणि पाइपलाइन. ज्या काठाला यंत्र पोचत नव्हतं म्हणून करंज तसेच राहिले, तो काठ जागेवर होता.

तेव्हा पात्रातली झाडी आणि काठावरची झाडी यांत फरक करा. पात्रातल्या बेटावर माजलेली वेडी बाभूळ, बेशरम, कोल्हापुरी बंधाऱ्याच्या तोंडाशी अडकलेले ओंडके, हे काढायलाच हवेत. बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्याआधी काढतात, त्याच आठवड्यात वरच्या अंगाचे सुटे ओंडकेही बाहेर ओढा. गाळ्यात एक आडवा ओंडका बसला की त्याला पालापाचोळा अडकतो आणि मग बंधारा बाजूचा काठ फोडून वाट काढतो. काठावरच्या उभ्या झाडाचा त्यात दोष नसतो. आणि २००५, २०१९, २०२१ सारखे महापूर, ज्यांत कृष्णेचं पाणी सांगलीत घराघरात शिरलं, ते तुमच्या वाळुंजांमुळं आले नाहीत, हेही बंधूंना सांगा.

उसावरच्या सावलीचं काय? तुमचं रान नदीच्या उत्तरेला की दक्षिणेला, हे पत्रात नाही. थंडीत सूर्य दक्षिणेकडून कलतो, त्यामुळे रान झाडीच्या उत्तरेला असेल तर सावली उसात पडते, दक्षिणेला असेल तर बहुतेक पाण्यावर पडते आणि बंधूंची तक्रार निम्मी उरते. उत्तरेला असेल तर बांधालगतच्या दोन-तीन सरींचं नुकसान होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. उपाय मात्र कोकणातल्या शेतकऱ्याला विचारा. राबासाठी तो ऐन-किंजळाचं कवळ तोडतो, झाड तोडत नाही. तसंच तुम्ही रानाच्या अंगाच्या फांद्या छाटा, नदीच्या अंगाच्या ठेवा. करंजाचा पाला भातखाचरात हिरवळीचं खत म्हणून चालतो, उंबराचा शेळ्यांना.

आता तोडायचं किती, ठेवायचं किती. हे मोजणीची वही सांगते, मी नाही. तरी वही कशी वाचायची ते सांगतो.

पहिल्या दोन ओळींना, शेरणी आणि वाळुंजाच्या, कुऱ्हाड नको. तिथं एकच काम, भर घालणं. वाळुंजाची अंगठ्याएवढी जाड, हात-दीड हात लांब फांदी ओल्या गाळात खुपसली की फुटते. पण एक मेख आहे. वाळुंजात नर झाड वेगळं, मादी वेगळी. एकाच झाडाच्या पन्नास फांद्या लावल्यात तर पन्नासही नर किंवा पन्नासही माद्या, आणि बी कधीच धरणार नाही. पाच-सहा वेगवेगळ्या झाडांच्या फांद्या घ्या.

तिसऱ्या ओळीतून घेता येतं. करंज आणि अर्जुन बुंध्यातून पुन्हा फुटतात, उसाचा खोडवा धरतो तसाच. चुली-कुंपणापुरतं लाकूड हवं असेल तर एकाच जातीची तीन झाडं शेजारी असतील तिथं मधलं, तिरकं झालेलं घ्या, जमिनीपासून वीतभर वर कापा आणि फुटवे शेळ्यांपासून राखा. एका वर्षी दहाव्या हिश्शाहून जास्त नको, आणि सलग तर मुळीच नको, म्हणजे काठ कुठंच उघडा पडत नाही. हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत उरका. उन्हाळा लागला की पाखरं घरटी करतात. आणि ज्या जातीची पोरं चौकोनांत सापडली नाहीत, तिचं एकही मोठं झाड तोडायचं नाही. हा माझा नियम आहे, कायद्याचा नाही. पण तो पाळलेल्या झाड्या मी पाहिल्या आहेत.

काठावर ढोलीचं, अर्धं वाळलेलं झाड असेल तर ते तुमच्या घराच्या किंवा वाटेच्या अंगावर कललेलं नसेल तोवर राहू द्या. ढोलीत घुबड, पोपट, मधमाश्या राहतात. लाकूड म्हणून त्याचे चार पैसेही येत नाहीत.

सुबाभूळ आणि घाणेरी यांचं मात्र काय करायचं ते ठरवून करा. ती काढायलाच हवीत, पण यंत्रानं मुळासकट उपटली तर काठाची माती मोकळी होते आणि पहिल्या पुरात जाते. सुबाभूळ शेंगा वाळायच्या आधी कापा, फुटवे दरसाल मोडत राहा, तिचं मूळ माती धरून असतानाच शेजारी करंज-जांभूळ मोठं करा. तीन-चार वर्षं लागतात. घाई केली की त्या जागी पुन्हा सुबाभूळच येते.

जांभळाचं एक विसरू नका. त्याचं बी घरात ठेवून पुढच्या साली लावू म्हणाल तर ते मेलेलं असतं. जूनमध्ये खाल्लेल्या जांभळाची बी त्याच आठवड्यात काठावर पुरायची. एका बीतून कधी कधी दोन-तीन रोपं येतात, त्यांतलं जोमाचं एक ठेवा.

पट्टा किती रुंद ठेवावा, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण बंधू विचारतील. माती धरून ठेवायला निदान दहा मीटर आणि शेतातून वाहून येणारं खत-औषध गाळून घ्यायला तीसेक मीटर, असा ठोकताळा आहे. साताऱ्यात उसाच्या रानातून तीस मीटर कुणी सोडणार नाही, हे मलाही कळतं. पण नदीकाठ शंभर मीटर लांब असेल तर दहा मीटर पट्टा म्हणजे फक्त दहा गुंठे. साडेतीन एकरांतले दहा गुंठे उरलेल्या सव्वातीन एकरांचा काठ सांभाळणार असतील, तर भावाभावांत बसून हिशेब करायला हरकत नाही.

कायद्याचं थोडक्यात. नदीचं पात्र महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे शासनाचं, त्यातलं झाड तुमचं नाही. स्वतःच्या रानातलं झाड तोडायलाही १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे आणि त्याच्या यादीत जांभूळ आहे. कुऱ्हाड उचलण्याआधी तलाठ्याकडून हद्द बघून घ्या आणि वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याला विचारा. पात्रात यंत्र तर विचारल्याशिवाय मुळीच घालू नका.

मंडळाची वही पूर्ण झाली की तिची एक प्रत ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडं द्या. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक गावात ही समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. बऱ्याच गावांत ती नोंदवही कपाटात कोरी असते, तुमची कोरी राहायचं कारण नाही. कुणी बघितलं-मोजलं नाही म्हणून काय झाकून राहतं, याचं उदाहरण सिंधुदुर्गात आहे. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथं ओढ्यालगत रानटी जायफळांची दलदल आहे. पाण्यातून गुडघ्यासारखी मुळं वर काढणारी ही झाडं गाव देवराई म्हणून जपत आलं होतं. अभ्यासक तिथं पोचले, त्यांनी झाडं ओळखली, नोंदली, आणि आज तो २.५९ हेक्टरचा तुकडा जैवविविधता वारसा स्थळ आहे. गावानं राखलं नसतं तर अभ्यासकांना मोजायला काही उरलंच नसतं, हेही तितकंच खरं.

तर बंधूंना मोजणीला बरोबर न्या. वही त्यांच्याच हातात द्या, फीत तुम्ही धरा. आणि नोव्हेंबरची मोजणी झाली की दहाही पट्ट्यांत मिळून वाळुंजाची लहान रोपं किती सापडली, तेवढा एकच आकडा आम्हाला पत्रानं कळवा. पुढचं उत्तर त्यावरून देता येईल.